पुस्तक बघायला आलेली पाहुणी

मी मुंबईला गेले आणि समुद्र न बघता परत आले, हे आमच्या अमरावतीच्या स्टाफरूममध्ये अजून कुणाला पटत नाही. "मग गेल्या कशाला होत्या?" असं विचारतात. त्यांना काय सांगणार? मी गेले होते तिथं समुद्र नव्हताच, खाडी होती. आणि खरं सांगायचं तर ते मुंबईही नव्हतं. मुंबईच्या पलीकडे पूल ओलांडून एक नवं शहर उभं राहत होतं, त्याच्या पोटात सापडलेलं एक जुनं गाव बघायला मी गेले होते.

निमित्त होतं हरेश्वरच्या कादंबरीचं. हरेश्वर त्याच गावचा, सारसोळ्याचा. तळोज्याच्या एका कारखान्यात कारकून होता. लहानपणी एका वर्षी त्यांच्या शेताचा बांध फुटला, भातात खाडीचं खारं पाणी शिरलं, आणि घर उपाशी कसं जगलं, त्याची ती कादंबरी. पुण्यामुंबईत तिच्यावर कुणी दोन ओळीही लिहिल्या नव्हत्या. मला मात्र ती इतकी आवडली की मी कुणी न सांगता तिची काही प्रकरणं इंग्रजीत केली आणि त्याला पाठवून दिली. त्यानं ती आणखी कुठं कुठं पाठवली. फिरत फिरत ती लंडनच्या एका प्रकाशनसंस्थेपर्यंत पोचली, आणि तिथल्या हेलन नावाच्या संपादक बाई भारतात येणार होत्या तेव्हा लेखकाला आणि त्याच्या गावाला भेटूनच पुस्तकाचं ठरवू म्हणाल्या. लंडनहून पत्र आलंय असं कळल्याबरोबर एका मोठ्या समीक्षकांनी हरेश्वरला घरी चहाला बोलावलं. पुस्तक तेच होतं, त्यात एक अक्षर बदललं नव्हतं.

हरेश्वरनं मला लिहिलं, "मॅडम, तुम्ही यायलाच पाहिजे. माझं इंग्रजी कारखान्याच्या गेटपर्यंतच चालतं." मी रजा टाकली आणि निघाले.

वाशी

उतरले मावसबहिणीकडे, शैलाकडे. वाशीला तेव्हा रेल्वे नव्हती. पुलावरून बस आली की एकदम रुंद, मोकळे, नवेकोरे रस्ते लागायचे. आमच्याकडे रस्त्यावर गाय बसलेली नसली तर चुकल्यासारखं वाटतं. इथं गायही नाही आणि माणूसही नाही. सगळ्या इमारती सारख्या दिसत होत्या. शैलाची इमारत शोधताना मी दोन चुकीच्या दारांवर बेल वाजवली, आणि एका बाईनं तर मला गॅसवाल्यांकडून आलेली समजून आत घेतलं.

शैला दादरच्या एका खोलीतून इथं आलेली, म्हणून भलतीच खूश. "हवा बघ काय मस्त! सोसायटी एकदम सुशिक्षित आहे, काही टेन्शन नाही," म्हणाली. कादंबरीचं सांगून मी सारसोळ्याला चाललेय म्हटल्यावर ती हसली. "गरिबी बघायला? सारसोळ्यात? अगं, ते गाववाले आता आपल्याला विकत घेतील. शहरासाठी घेतलेल्या जमिनीचे पैसे आले ना त्यांचे. बायका काय सोनं घालतात!"

मी विचारलं, "तू कधी गेलीस तिकडे?"

"मी कशाला जाऊ? मासेवाली दारात येते."

मला तिचा राग आला, पण तिनं माझ्यासाठी खास साबुदाण्याची खिचडी केली होती, तेव्हा मी खिचडी खाल्ली आणि गप्प बसले.

सारसोळे

दुसऱ्या दिवशी हेलनबाई टॅक्सीनं आल्या. पन्नाशीच्या, सुती झगा, पायांत साध्या चपला, बोलणं हळू. मी मनात एखादी नाक वर केलेली मडम रंगवून ठेवली होती, तसं काही नव्हतं. बाई चांगल्या होत्या. पुढं जे झालं ते वाईट माणसामुळं झालं असतं तर मला इतका त्रास झाला नसता.

नव्या रस्त्यावरून टॅक्सी खाली उतरली की गाव. एका बाजूला चौथ्या मजल्यापर्यंत आलेल्या इमारतींचे बांबू, दुसऱ्या बाजूला वाळत घातलेली जाळी आणि सुक्या बोंबलाचा वास. हरेश्वर कोपऱ्यावर उभा होता. त्याचं तोंड उतरलेलं होतं. माझ्याजवळ येऊन तो हळूच म्हणाला, "मॅडम, घोटाळा झालाय. मी ड्यूटीवर होतो, आणि घरच्यांनी इकडे काय काय करून ठेवलंय."

घराला ताजा निळा रंग होता, इतका ताजा की माझ्या पदराला लागला. ओटीवर रांगोळी. आत भिंतीला लागून स्टीलच्या भांड्यांची उतरंड, त्यांतल्या कित्येकांवर दुसऱ्यांची नावं कोरलेली. कोपऱ्यात फ्रीज, आणि त्याच्यावर प्लॅस्टिकची फुलं. फ्रीजची वायर गुंडाळून मागे ठेवलेली, कारण त्या भिंतीला प्लगच नव्हता. शेजारच्या पाटलांचा फ्रीज सकाळी चौघांनी उचलून आणला होता, हे नंतर कळलं. आणि मधोमध उभी हरेश्वरची आई, सखूबाई. नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातभर हिरवा चुडा, आणि गळ्यात स्वतःच्या मंगळसूत्रावर साऱ्या आळीचं सोनं.

"ये गो बाय, आत ये. बाहेर कनाला उभी?" ती माझा हात धरून म्हणाली आणि मनमोकळं हसली. पुढचा एक दात नव्हता. कादंबरीतली आई अशीच हसायची, त्या पडलेल्या दातासकट. मला इतका आनंद झाला की मी तिथंच तिला वाकून नमस्कार केला.

हरेश्वरचे वडील हिराजी खाटेवर बसले होते. दमेकरी, बारीक, पण डोळे खट्याळ. मी त्यांना विचारलं, हा एवढा थाट कशासाठी?

"असा काय विचारतंस बाय?" ते म्हणाले. "पोरगी बगाला पावनी येतान, तवा घर कसा दिसाला पायजे? पुस्तक म्हंजे आमची पोरगीच. लंडनला द्यायची हाय. ती बाय बोलंल, यांचे घरान काय नाय, अशे घरची पोर कनाला करू?"

मला हसू आलं. साऱ्या आळीनं हेच ठरवलं होतं. गावात पोरगी बघायला पाहुणे आले की शेजारपाजारचं सोनं त्या घरात जातं, भांडी जातात, रांधलेलं कालवण जातं. पोरगी पसंत पडली की ज्याचं त्याला परत. त्यात खोटेपणा आहे असं कुणालाच वाटत नाही, कारण उद्या त्यांच्या पोरीच्या वेळी हेच होणार असतं. आमच्या वऱ्हाडातही पाहुण्यांसाठी शेजाऱ्यांकडून कपबशा आणतात, पण गळ्यातलं काढून देत नाहीत.

जेवायला जिताडा होता. ताटाएवढा मासा, लाल रस्सा, आणि तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मला ती भाकरी रुमालासारखी वाटली. तिखट मात्र आमच्या तोडीचं होतं. हेलनबाई कौतुकानं जेवत होत्या तोच त्यांच्या घशात काटा अडकला. डोळ्यांत पाणी, तोंड लाल. हरेश्वर घाबरून टॅक्सीवाल्याला हाका मारायला लागला. सखूबाईनं कोऱ्या भाताचा गोळा वळला, बाईंच्या तोंडात कोंबला आणि पाठीत एक धपका घातला. काटा गेला. सगळे हसले, हेलनबाईही हसल्या.

त्या हसण्यानं हिराजींना चेव आला. त्यांनी मिठागरावरच्या मुकादमाची नक्कल सुरू केली. मुकादम पोट पुढं काढून कसा चालायचा, मिठाच्या ढिगावरून घसरल्यावर उठून मिठालाच शिव्या कशा द्यायचा. मी भाषांतर करायचा प्रयत्न करत होते, पण मलाच हसू आवरेना. कादंबरीतलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण हेच होतं. घरात दाणा नाही, पोरं रडताहेत, आणि बाप कुठून तरी माशाचं नुसतं डोकं घेऊन येतो. ते चुलीवर रटरटत असताना तो मुकादमाची नक्कल करतो, आणि सगळं घर उचकी लागेपर्यंत हसतं. असं प्रकरण मी आपल्या भाषेत दुसरीकडे वाचलेलं नाही. हिराजींना दम लागला, खोकल्याची उबळ आली, तरी हात पोटावर ठेवून ते मुकादमासारखे चालतच होते.

हेलनबाईंनी विचारलं, "हे कादंबरीतले वडील? हे अजून आहेत?"

"आहेत की," मी म्हटलं. "तुमच्यासमोरच आहेत."

नव्या रस्त्यावर

संध्याकाळी टॅक्सीकडे जाताना हेलनबाई बोलल्या. पुस्तक त्यांना फार आवडलं होतं. पण त्यांना काळजी वाटत होती. पुस्तक निघाल्यावर कुणी ना कुणी हे घर बघायला येईल, फोटो छापेल, आणि वाचकाला वाटेल की लेखकानं वाढवून सांगितलंय. घरात फ्रीज आहे, बाईच्या अंगावर इतकं सोनं आहे.

मी सांगितलं, सोनं आळीचं आहे, फ्रीज शेजाऱ्यांचा आहे. शेत गेलं, त्याचे पैसे घराच्या स्लॅबमध्ये आणि दोन मुलींच्या लग्नांत गेले, आता स्लॅबखाली बसून खायचं काय हा प्रश्न आहे. कारखान्यांमुळं खाडीतला मासा कमी झालाय म्हणतात. ही गरिबी दिसत नाही, कारण हे लोक ती दिसू देत नाहीत. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण हे समजावायला तुम्ही प्रत्येक वाचकाच्या शेजारी बसणार आहात का?"

 उत्तरं रात्री अंथरुणावर सुचली, पुष्कळ सुचली, पण तेव्हा काय उपयोग?

मग बाई त्या नकलेच्या प्रकरणावर आल्या. भुकेलं घर इतकं हसतं, हे त्यांच्या वाचकाला कळणार नाही. तो म्हणेल, मग यांचं बरं चाललंय की. आणि वडील गमत्या आहेत, त्यामुळं आईचं दुःख पातळ होतं. आई एकटी असती तर पुस्तक फार मोठं झालं असतं. मुखपृष्ठासाठी आईचा एक फोटोही हवा होता, पण आज घेण्यासारखा काही मिळाला नाही, असं त्या संकोचानं म्हणाल्या.

मी हे सगळं हरेश्वरला जसंच्या तसं सांगितलं. वाटलं होतं, तो चिडेल. तो रस्त्याच्या कडेच्या सिमेंटच्या पाइपावर बसला.

"मॅडम, त्यांना सांगा, उद्या फोटो मिळेल."

"आणि प्रकरण?"

"काढतील तर काढू दे."

"अरे, ते तुझ्या पुस्तकाचं काळीज आहे."

"काळीज मराठीत आहेच की," तो म्हणाला. "कुणी वाचलं? तुमी वाचलं, बस. मी काय करू त्याचं? तिकडं छापलं तर इकडचे स्टेजवर खुर्ची देतील. नायतर मी मरेपर्यंत तळोज्याला गेटपास लिहीत बसायचं."  त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, मला माहीत नाही. त्याच्यावर रागवावं असं वाटत होतं आणि रागावता येत नव्हतं.

खाडी

दुसऱ्या दिवशी भरती ओसरल्यावर आम्ही खाडीच्या बांधावर गेलो. पलीकडे कांदळवन, त्यामागे करावे गावच्या होड्या, आणि त्याहून मागे नव्या शहराच्या क्रेन. बांधाखाली काळा, चकचकीत चिखल. मोडकळीला आलेली एक झोपडी होती, कुणाची जाळी ठेवायची. हरेश्वरनं तीच निवडली.

सखूबाई जुनं विटकं लुगडं नेसून आली होती. आळीचं सोनं परत गेलं होतं. गळ्यात फक्त तिचं स्वतःचं मंगळसूत्र होतं, त्यातही दोनच वाट्या सोन्याच्या. हिराजी दमत दमत मागून आले आणि बांधावर बसले.

हरेश्वर आईला म्हणाला, "आय, गल्यातला काढ."

ती त्याच्याकडे बघत राहिली. नवरा समोर बसलेला असताना मंगळसूत्र काढायचं म्हणजे काय, हे मला सांगायला नको आणि त्याला तर नकोच होतं. मी म्हटलं, "हरेश्वर, बास कर."

"फोटोपुरतंच, मॅडम."

हिराजींनीच हात पुढं केला. "दे माझेकरं. माझे हातान हाय तर मी गेलो काय?" आणि हसले. सखूबाईनं मंगळसूत्र काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी मूठ मिटली. इतक्या वर्षांत ते कधी निघालं नसावं, कारण तिच्या मानेवर फिकट कातडीची एक रेघ उमटलेली होती.

"बांगड्या पन," हरेश्वर म्हणाला.

"बांगड्या नाय काडायची," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "चिखलान हात घालतंय. दिसनार नाय कोनाला." तिनं कुंकू झाकेल इतका पदर कपाळावर ओढला, चिखलात उतरली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले, चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, शोधायला घालतात तसे.

हेलनबाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला. तेवढ्यात बांधावरून हिराजींनी मुकादमाचा आवाज काढला. "ए सखू, माझा मीठ कोनी चोरला?" सखूबाईला हसू फुटलं. चिखलात कोपरापर्यंत रुतलेली बाई खांदे हलवून हसत होती. हेलनबाईंनी कॅमेरा खाली घेतला.

"आय, हसू नको," हरेश्वर म्हणाला.

ती थांबली. पुन्हा कॅमेरा वर गेला, पुन्हा तिला हसू आलं.

"आय, पाया परतंय तुझे. हसू नको."

हे शब्द मी अजून विसरले नाही. आईला लेक असं म्हणतो तेव्हा ती काय करणार? तिनं मान वर केली. तोंड मिटलेलं, डोळ्यांत काहीच नाही. असा चेहरा मी तिचा आधी बघितला नव्हता. बटण दाबल्याचा आवाज आला.

वर येताना तिनं पाय धुतले नाहीत, हात धुतले नाहीत, आधी मान पुढं केली. हिराजींनी मूठ उघडून मंगळसूत्र घातलं. हेलनबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "किती सुंदर माणसं आहेत." त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं.

वाशीला परत आले तर शैलानं विचारलं, "दिसली का गरिबी?" मी म्हटलं, "काल नव्हती. आज काढली." तिला काही कळलं नाही, आणि मला समजावण्याचं त्राण नव्हतं.

पुन्हा सारसोळे

त्यानंतर दोनेक वर्षांनी पेपर तपासायच्या कामाला मुंबईला गेले, तेव्हा मुद्दाम पूल ओलांडून सारसोळ्याला गेले. लंडनला पुस्तक निघालं होतं, भाषांतर मात्र तिकडच्याच कुणाकडून पुरं करून घेतलं होतं, आणि मला प्रत आली नव्हती. तिकडे नावाजलं गेलं होतं, आणि त्यामुळं इकडेही. हरेश्वरला आता खुर्ची होती, वाशीत फ्लॅटही होता. त्या दिवशी तो कुठं तरी व्याख्यानाला गेला होता.

घराचा निळा रंग उडाला होता. सखूबाई दारात आली. तिच्या दोन्ही हातांत मनगटापासून पार कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या होत्या, नव्या नवरीलाही जास्त होतील इतक्या. मला नवल वाटलं. शेजारची बाई जाता जाता म्हणाली, "म्हातारीला येड लागलाय. रोज भरते." सखूबाई हसली नाही. पाणी आणायला आत गेली.

हिराजी आता खाटेवरून उठत नव्हते. त्यांनी उशाखालून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं. वरती तोच फोटो. पुस्तकाचं नाव बदललेलं. मागच्या बाजूला लिहिलं होतं की विधवा आईनं एकटीनं वाढवलेल्या मुलाची ही कहाणी आहे. मी आतली पानं भराभरा उलटली. प्रकरण नव्हतं. मुकादम नव्हता. बाप पहिल्या पानांतच कधी तरी मरून गेला होता.

मी पुस्तक मिटून खाटेवर ठेवलं. कुणावर ओरडावं ते कळेना.

"पोरगी पसंत परली बाय," हिराजी म्हणाले. "नांदते ना थय?"

सखूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. "नांदते," तिनंच उत्तर दिलं. "सासरी नाव बदललाय, एवराच."

"नाव तर बदलतानच," ते म्हणाले. मग त्यांनी शेजारी ठेवलेली मराठी प्रत उचलली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण 'हरेश्वर हिराजी' यातलं आपलं नाव कुठं आहे, ते बोटाला पाठ होतं. त्यांनी ते मला दाखवलं. मग तेच बोट लंडनच्या पुस्तकावर फिरवायला लागले. "पोराला विचारतंय तर बोलतं, हाय, सगला हाय. यान मी खय हाव गो बाय?"

मी इंग्रजीची प्राध्यापक.  मी सखूबाईकडे बघितलं, आणि तिनं माझ्याकडे बघितलं तेव्हा समजलं की मागं काय लिहिलंय ते तिला माहीत आहे. मुलीची मुलगी इंग्रजी शाळेत जात होती, तिनं वाचून दाखवलं असणार. त्या बांगड्या मग मला कळल्या.

तिनं तांब्या खाली ठेवला आणि खाटेशी बसली. नवऱ्याचं बोट आपल्या हातात घेतलं, फोटोतल्या स्वतःवर टेकवलं, आणि हळूहळू उजवीकडे सरकवत नेलं, चिखलावरून, झोपडीवरून, चित्राच्या कडेपर्यंत, कडेच्याही पुढं, पुस्तकावरून उतरून खाटेच्या गोधडीवर.

"हितं," ती म्हणाली. "बांधावर. माझा मंगलसूत्र हातान घेऊन हितं बसला होतास ना?"

"हां," ते म्हणाले, "बसला होतो," आणि बोट तिथंच ठेवून बराच वेळ त्या गोधडीकडे बघत राहिले.